सीरियाला हरवलं तर

१ जानेवारी २०२४, सोमवार. लोटे.
कंपनीच्या बसमध्ये ऋत्विक म्हणाला, "आशियाई कपात इंडिया ग्रुपमधून पुढे गेली की त्याच दिवशी घरी आपल्याबद्दल सांगतो." दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने निकष लेखी नसला तरी स्पष्ट दिला. मला स्पष्ट निकष आवडतात.
लॅबमधली सानिका म्हणाली, "अगो, घरी सांगायला फुटबॉल कशाला लागतो?" तिला प्रोबॅबिलिटी कळत नाही.

५ जानेवारी.
एक्सेलमध्ये मॉडेल केलं. ग्रुपमध्ये ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया. तिसरा नंबरही पुढे जाऊ शकतो. शक्यता ३४ टक्के. भावना वगळून.

९ जानेवारी.
प्रॉडक्शनची बॅच फेल. नेहमीप्रमाणे ऋत्विक लॅबच्या दारात. "टेस्ट परत एकदा लाव ना गं." नाही लावली. पास होईपर्यंत टेस्ट करणं म्हणजे टेस्ट नव्हे. तो हसून म्हणाला, तुझ्याशी संसार करणाऱ्याचं कठीण आहे. चांगलं लक्षण. भविष्यकाळाचा विचार करतोय.

१३ जानेवारी, शनिवार.
ऑस्ट्रेलिया २, आपण ०. पण हाफटाइमपर्यंत ०-०. म्हणजे अर्धी मॅच बरोबरीत. मॉडेलमध्ये हा पराभव धरलेलाच होता. ३१ टक्के.

१४ जानेवारी. दाभोळ, घरी.
आईबरोबर देवळात. तिला पोफळीचं काही विचारायचं होतं. मी सहज गुरवकाकांना म्हटलं, माझाही एक कौल लावा. काकांनी देवीला पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, फुटबॉल. त्यांनी गाऱ्हाणं तरीही मनापासून घातलं.
डावी पाकळी पडली. म्हणजे नाही.
एका रीडिंगवर रिपोर्ट देत नाहीत. परत लावायला सांगितलं. डावी. काका म्हणाले, "देवीला सारखं सारखं विचारू नये गो बाय." तिसऱ्यांदा उजवी. तीच नोंदवली. पहिल्या दोन वेळी पाकळ्या जास्त ओल्या होत्या.
आई म्हणाली, "फुटबॉलसाठी नारळ आणलास?"

१८ जानेवारी.
उझबेकिस्तान ३, आपण ०. आता सीरियाला हरवायचं, गोल भरपूर करायचे आणि बाकीच्या ग्रुपांनी थोडं सहकार्य करायचं. ११ टक्के. ११ म्हणजे शून्य नव्हे.

२१ जानेवारी, रविवार.
ऋत्विकचा फोन दिवसभर बंद. बरोबर आहे. आठवडाभर नाइट शिफ्ट होती, झोप हवी.

२३ जानेवारी.
सेकंड शिफ्ट. लॅबच्या पँट्रीत फोन डब्याला टेकवून मॅच बघितली. ऋत्विक प्लांटमध्ये होता, बघायला आला नाही. टेन्शन घेतो तो. ७६व्या मिनिटाला सीरियाचा गोल. ०-१. तीन मॅचेस, आपला एकही गोल नाही. सानिकाने चहा ठेवला. थंड झाला.

२४ जानेवारी.
ऋत्विकला सांगितलं, पुढचा आशियाई कप २०२७ मध्ये आहे. निकषात थोडी सवलत देता येईल, नुसता एक गोल चालेल. तो म्हणाला, "अगं, ते मी असंच म्हटलं होतं." असंच म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

२५ जानेवारी.
बसमध्ये त्याने पेढे वाटले. साखरपुडा झाला. रविवारी, राजापूरला. मुलीचं नाव मनस्वी. मागच्या सीटवरचा दर्शन ओरडला, "शेटनू, दिवाळीत ठरलं आणि पेढे आत्ता?"
दिवाळीत.
म्हणजे पहिल्या तारखेला, ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते बघून त्याने अट घातली होती. मी ३४ म्हणत होते. त्याचं भाकीत जास्त अचूक.
पेढा घेतला. घेतला नसता तर सगळ्यांनी विचारलं असतं.
दुपारी त्याची बॅच आली. ओलावा जास्त, फेल. तो दारात नुसता उभा राहिला. या वेळी परत लाव म्हणाला नाही.
मी आपणहून परत लावली.
परत फेल.