प्रोग्रामची पहिली ओळ

३ फेब्रु. ९१, रवि.
यांची ‘सी’ या कॉम्प्युटर-भाषेच्या पुस्तकाची झेरॉक्स आज संपवली. ऑफिसनं शिकायला दिली यांना, शिकतेय मी. बत्तीस शब्द भाषेचे स्वतःचे, त्यांना हात लावायचा नाही. बाकी नावं आपण ठेवायची. मग आकडे, चिन्हं, वाक्य संपलं की अर्धविराम. एवढ्याच विटा. बी.एस्सी.चं गणित अकरा वर्षं फोडणीत घातलं होतं, ते जागेवर सापडलं. कॉम्प्युटर अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही.

९ फेब्रु., शनि.
यांच्या सेक्शनच्या चाळीस माणसांच्या पाळ्या लावायचा प्रोग्राम. जुन्या लॉगशीटच्या पाठीवर लिहितेय. नावं माझीच : हजेरी, पाळी, सुट्टी. हे ऑफिसात टाइप करतात, चुका लिहून आणतात. काल एक अर्धविराम राहिला तर मशीननं सतरा चुका काढल्या. अगदी सासूबाई.

२१ फेब्रु., गुरु.
चालला!! हे फाटकापासूनच ओरडत आले, “कुमुद, चालला वं!”
सगळ्यात वर मी कॉमेंट घातली आहे. ती माणसांसाठी, मशीन वाचत नाही. पहिली ओळ – लिहिणारी : कुमुद. दुसरी – जागा चाळीसच, माणसं वाढली तर आधी हा आकडा वाढवा. ‘सी’ टोकत नाही ना. जागा संपली तरी शेजारच्या जागेत लिहीत सुटते.
जवळच रुआबांध्याला बायकांचा कॉम्प्युटर क्लास निघतोय, शिकवायला बाई हवी. मुलाखत ४ मार्चला, दुपारी बारा. स्वतःच्या प्रोग्रामचा प्रिंट हवा, हातचं लिहिलेलं चालत नाही. हे म्हणाले, तुझ्या नावासकट आणतो. माझी शपथ घेऊन म्हणाले.

२७ फेब्रु., बुध.
प्रिंट आला. माझ्या दोन्ही ओळी गायब. तिथे एकच ओळ, यांच्या नावाची. खाली हजेरी, पाळी, सुट्टी जिथल्या तिथे.
“साहेबाले दाखवाचं होतं. अन् मशीन ते वाचतच नाही, तुले काय फरक पडते?”
मीच शिकवलेलं मलाच.
“मंग तुमचं नाव कावून टाकलं?”
चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.
केसानं गळा कापला. परक्यानं कापला असता तर भांडले तरी असते.

१ मार्च, शुक्र.
बोलणं बंद. पोळ्या वाढते, एवढंच. यांना शाबासकीचं पत्र मिळालं. शेजारच्या मिश्राबाई, “भाभी, भाईसाहब ने तो कमाल कर दिया, मिठाई?” पेढे वाटले. मीच. हसून.

२ मार्च, शनि.
दुसऱ्या सेक्शनची सहा माणसं यांच्या सेक्शनला आली. यांनी सहा नावं घातली, आकडा चाळीसच. पाळ्यांचा पार चिवडा. खुर्सीपार वस्तीतला दुकालू, यांच्या हाताखालचा, दारात येऊन उभा राहिला. “अवइया तीन हफ्ता रात पाली लगे हे बाई, साहब ला बता देहू.” पुढचे तीन आठवडे रात्रपाळीच लागलीय, यांना सांगा म्हणतो. बायको बाळंतीण आहे त्याची.
हे तोंड पाडून प्रिंट घेऊन बसले. “कुठं चुकून राहिलं, पाह्य ना वं. सोमवारी साहेब इचारतीन.”
प्रिंट उघडायची गरजच नव्हती. माझं नाव पुसताना यांनी खालची सूचनाही पुसली. आनंद झाला मला. खोटं कशाला लिहू.
“पाहतो उद्या,” मी म्हटलं.

३ मार्च, रवि.
आनंद टिकला नाही. दुकालू डोळ्यांपुढून हलत नाही. त्यानं काय केलं माझं?
कॉमेंट पुन्हा कागदावर लिहिली, दोन्ही ओळी. यांच्या हातात दिली. “चूक काय ते दुसऱ्या ओळीत हाय. पण दोन्ही टाका. अन् अकराच्या आत प्रिंट मले पाठवा.”
“हो हो.”
मागच्या वेळी शपथ होती. या वेळी नुसतं हो हो.

४ मार्च, सोम.
हे सातला गेले. कागद शर्टाच्या खिशात. माझ्याकडे पाहिलं नाही.
निळी साडी नेसून बसले आहे. साडेदहा. पावणेअकरा. फाटक वाजलं, दूधवाला होता, पैसे मागायला.
दुसरी ओळ वाचली की आकडा बदलतील, प्रोग्राम चालेल. पहिल्या ओळीत कोणाचंही नाव असलं तरी मशीनला चालेल.