एकदम थांबायचं

९ जून
तळघर मिळालं! लाँड्रीच्या खाली. भिंतींना ओल, एकच बल्ब, आणि डोक्यावर लाँड्रीचं मोठं मशीन दिवसभर धडधडत असतं. बोलणी दादाने केली. घरात 'हं' आणि 'नको' एवढ्यावर आठवडा काढणारा माणूस लाँड्रीवाल्या मावशींशी चक्क पूर्ण वाक्यांत बोलत होता. मी बघतच राहिले.

आम्ही चौघं. दादा गिटार, मी ड्रम्स. बेसवर मास्तर — शाळेत गणित शिकवतो, म्हणून मास्तर. आणि गायला भोंगा. गातो म्हणजे ओरडतो. पण ओरडता ओरडता मध्येच इतकं हळू गातो की पुढे वाकून ऐकावं लागतं.

१७ जून
दादाचा नियम — वन-टू-थ्री-फोर करून सुरू करायचं नाही. "ती कवायत झाली." एकमेकांचा श्वास ऐकायचा आणि सुरू व्हायचं. थांबायचंही तसंच. ऐन भरात, एकदम, कुणी वायर उपटल्यासारखं.
मास्तर म्हणाला, "सात मात्रांचं गाणं, आणि मोजायचं नाही? मग मला कशाला घेतलंत?"

२ जुलै
मावशी जिन्यात येऊन उभ्या. "भांडण चाललंय का गाणं?"
भोंगा म्हणाला, "मावशी, दोन्ही."
"मग दार लावून भांडा. वर गिऱ्हाईक आहे."

२१ जुलै
जमलं!! ऐन गोंगाटात थांबलो — चौघं, एकदम! शांततेत फक्त वरचं मशीन. दादाने टपली मारली मला. "तू धरून ठेवतेस म्हणून जमतं." लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

इथे खोटं कशाला लिहू? मला संगीताचं फार वेड आहे असं नाही. बाबा घर सोडून गेले तेव्हापासून दादा घरात नसल्यासारखाच असतो. जेवतो, ताट उचलतो, दार लोटून घेतो. मला दादा हवा आहे आणि तो तळघरातच भेटतो. एवढंच आहे.

४ सप्टेंबर
पहिला कार्यक्रम. माणसं कमी, खुर्च्या जास्त. बाहेर तळघरासारखं वाटत नाही, म्हणून दादाने मशीनची धडधड रेकॉर्ड करून आणली होती. सगळ्या गाण्यांखाली ती चालू ठेवली. एक माणूस कान झाकून उठला, दारापर्यंत गेला, थांबला, परत येऊन बसला. भोंगा म्हणतो तो आपला पहिला चाहता.

१२ जानेवारी
मासिकात आलं! 'प्रायोगिक पोस्ट-हार्डकोर.' पुढे लिहिलंय, 'हे चौघे एकाच डोक्याने थांबतात.' आईने दोनदा वाचलं. "म्हणजे चांगलं लिहिलंय ना रे?" दादा म्हणाला, "हं." पण कात्रण फ्रिजवर त्यानेच चिकटवलं.

३० मार्च
व्हॅनमध्ये लिहितेय, अक्षर नाचतंय. एका गावाहून दुसऱ्या गावाला. मास्तर मांडीवर पेपर तपासतोय आणि मुलांच्या नावाने उसासे टाकतोय. भोंगा घसा राखायचा म्हणून दिवसभर मुका. भूक लागली की माझ्या डोक्यावर बाटली आपटतो.

दादा पुढची सीट सोडून माझ्याशेजारी येऊन बसला. बाबांबद्दल बोलला! आपणहून! म्हणाला, ते गेले त्या दिवशी घरात कुणीच मोठ्याने बोललं नाही, त्याचाच त्याला राग आहे. मी म्हटलं, "म्हणून इतका गोंगाट?" हसला. किती वर्षांनी हसताना पाहिलं. रडूच आलं, पण खिडकीबाहेर बघत बसले.

११ मे
दुकानात रजा वाढवून मागितली. मालक म्हणाले, "तुला चष्म्याच्या काचा घासायच्या आहेत का ढोल बडवायचा आहे, ते एकदा ठरव." रजा दिली मात्र.

८ जून
तळघरातली छोटी रेकॉर्ड झाली, आता मोठी करायची ठरलं. खऱ्या स्टुडिओत. दादा म्हणाला, "मशीन पुरे झालं. या वेळी फक्त आपण चौघं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीच जास्त जोरात.

१९ जून
स्टुडिओ. भिंतींना गाद्या. आपलाच श्वास कानात येतो, इतकी शांतता. रेकॉर्डिंगवाला भला माणूस. म्हणाला, "आधी ड्रम्स. सावकाश होऊ दे."

झालं नाही.

सुरू बरं व्हायचं, पण थांबायची जागाच सापडेना. मी एकीकडे थांबते, दादा भलतीकडे. पुन्हा. पुन्हा. दुपारी रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं, "तुम्ही एरवी कशाच्या ठेक्यामागे जाता?" मग मास्तरच हळूच म्हणाला, "मशीनच्या."

खरं आहे. एकमेकांचा श्वास-बिस काही नाही. वर्षभर चौघंही लाँड्रीचे कपडे पिळणाऱ्या त्या धुडाच्या मागे जात होतो! भोंगा इतका हसला की खाली बसला. दादा हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता.

२० जून
आज तिघांचं जमायला लागलं. मास्तर ओठ न हलवता मोजतो, भोंगा त्याच्या पायाकडे बघतो. दादाला तर कशाचीच गरज नाही. माझं मात्र नाही ते नाहीच. ज्याने सगळ्यांना धरून ठेवायचं, त्यालाच धरायला काही नाही.
मी म्हटलं, "मला हेडफोनमध्ये मशीन द्या." दादा म्हणाला, "नको."
घरातला 'नको'.

२७ जून
दुकानातून आल्यावर रोज उशा बडवते. आई म्हणाली, "कापूस बाहेर येईल." येऊ दे.

३ जुलै
दादाने माझ्यासाठी चहा केला. साखर किती विचारली. भीती वाटली.

६ जुलै
बँड संपला.

तळघरात बोलावलं. तिघं आधीच आले होते, बसायच्या जागासुद्धा ठरवून घेतल्यासारखे बसले होते. दादा म्हणाला, "थांबूया. रेकॉर्डही राहू दे." मी म्हटलं, "महिनाभर द्या मला, मी बसवते!" तो म्हणाला, "तुझ्यामुळे नाही गं. सगळ्यांनाच कंटाळा आलाय." मास्तर म्हणाला, शाळेत आता वरचे वर्ग दिलेत. भोंगा बुटाकडे बघत रडत होता. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, आणि हूं नाही की चूं नाही.

भांडण नाही, आदळआपट नाही. वाटलं, किती समजूतदार आहोत आपण. मीच सगळ्यांना मिठी मारली. दादाला सगळ्यात शेवटी. तो लाकडासारखा उभा होता.

ड्रम्स घरी आणले. पलंगाखाली मावत नाहीत.

१५ ऑगस्ट
दादा खोली घेऊन वेगळा राहायला गेला. कामाला जवळ पडतं म्हणे. आईने विचारलं, "तुम्ही दोघं भांडलात का?"
"नाही गं."
"मग भांडा तरी!"

१ ऑक्टोबर
दादा रविवारी जेवायला येतो. 'हं.' 'नको.' मीठ पुढे सरकवतो. मी व्हॅनमधल्या गमती काढते, तो घड्याळ बघतो. मी त्याला आतून ओळखते असं वाटायचं. बँड गेला आणि माझा दादाही गेला, कुणी मेलं नाही म्हणून रडायचीही सोय नाही.

२२ नोव्हेंबर
काचा घासल्या. काहीच नाही.

९ डिसेंबर
काचा घासताना पाय आपोआप ठेका धरतो. मालक म्हणाले, "बंद कर." केला.

१४ फेब्रुवारी
दुकानात एक मुलगी आली, जाड भिंगांची. मला ओळखलं! "तुम्ही त्या बँडमध्ये होतात ना? नवी रेकॉर्ड काय भारी झालीय!"
मी म्हटलं, जुनी असेल.
तिने फोन पुढे केला.

१५ फेब्रुवारी
ऐकली. आठ गाणी. एकातही मी नाही. ड्रम्स आहेत, चांगले आहेत. चौघं एकदम थांबतात.
शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आधी दादाचा आवाज आहे. नव्या ड्रमरला समजावतोय. सावकाश, हसत, पूर्ण वाक्यांत. "घाबरू नकोस, चुकलास तरी चालेल. आपण परत करू."