पार्ट टूमधला नावाडी

११ ऑगस्ट, सकाळी दहा
आणि वेल्डर अजून म्हणतोच आहे की गेमचा पहिला भागच बरा होता. पार्ट टू खेळलायस का, विचारलं. नाही म्हणे, पण लोक सांगतात. या खोलीत आम्ही दोघं, त्याचा टीव्ही, त्याचा गेमबॉक्स आणि दोन आठवडे चाललेला हा वाद. आज मी वाद मिटवला. पार्ट टू विकत घेतला. किंमत लिहीत नाही. लिहिली की वाचावी लागते.

पैसे धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीचे होते, हे खरं. नऊ हजार, शेवटची तारीख वीस. पण आज अकराच आहे. प्लॅन असा : गेम खेळायचा, मोबाइलवर 'फर्स्ट इम्प्रेशन'चा व्हिडिओ टाकायचा. गेम नवा असतो तोवर लोक अशा व्हिडिओंवर तुटून पडतात. आठवड्यात पैसे दुप्पट. धाकटीची फी भरायची आणि टायरच्या दुकानाला रामराम ठोकायचा.

नियम : रोज दोनच तास. दोनला ड्युटी.

१२ ऑगस्ट
पाच तास. पहिला दिवस धरायचा नसतो.

फर्स्ट इम्प्रेशन (व्हिडिओत याच थाटात बोलायचं) : गेममधला आपला सरदार म्हातारा करून टाकलाय. दाढी पांढरी, तट चढताना धापा टाकतो. पहिल्या भागात घोडा थकतच नव्हता, आता त्याला पाणी पाजा. मी काय घोड्याला पाणी पाजायला पैसे मोजले? पण समुद्राकडून पहिल्यांदा किल्ला दिसतो, मशाली पाण्यात हलतात, तेव्हा अंगावर काटा आला. वेल्डर मागे उभा राहून बघत होता.

१३ ऑगस्ट
ड्युटीला पाऊण तास उशीर. फोरमन म्हणाला, या सरकार, गादी टाकू का? सगळे हसले. हसू देत. महिन्याभरात हेच लोक माझे व्हिडिओ बघतील.

१४ ऑगस्ट, सकाळी अकरा
मोठा प्रसंग. किल्ल्याच्या बातम्या शत्रूला पुरवणारा नावाडी पकडला. गुडघ्यांवर बसवला. इंग्रजीत बरंच काही बोलले, ते मी पळवलं. मग स्क्रीनवर दोन बटणं. एकावर लांबलचक काहीतरी, दुसऱ्यावर 'स्पेअर'. हा शब्द मी झोपेतही वाचीन. दुकानात फोरमन उतरवलेल्या टायरांवर खडूने लिहितो, टाकाऊवर 'स्क्रॅप', बऱ्यावर 'स्पेअर'. स्पेअर म्हणजे बाजूला ठेवायचा, गरज पडली की लावायचा. आठवीत शाळा सोडली म्हणून काय झालं? होडी चालवणारा माणूस हाताशी असलेला बरा. स्पेअर दाबलं.

वेल्डर म्हणाला, नीट वाच जरा. म्हटलं, तू वेल्डिंग कर.

आईचा फोन आला. दोन्ही हात गुंतलेले होते.

१६ ऑगस्ट
पाठ धरली असं फोरमनला कळवलं. दोन दिवस सुट्टी. अगदीच खोटं नाही, खाटेवर वाकून बसून धरलीच आहे थोडी.

वेढा पडला. आत सरदाराची मुलगी आणि चाळीस माणसं. पाण्याकडचा दरवाजा टिकला की किल्ला वाचला. नावाड्याला शोधत धक्का, कोठार, तळघर पालथं घातलं. स्पेअरला ठेवलेला माणूस जागेवर नको? तेवढ्यात दरवाजा आतून उघडला. उघडणारा कोण? तोच! चाळीसच्या चाळीस कापली गेली, मुलगीही गेली. नऊ वेळा पुन्हा खेळलो. नऊही वेळा तोच येतो आणि तसाच हसतो. गेममध्ये बिघाड आहे, दुसरं काही नाही.

आईचा फोन उचलला. कॉलेजातला कारकून म्हणतो, वीसला पैसे नाहीत तर सीट यादीतल्या पुढच्या मुलीला. ती मुलगी बापाला घेऊन रोज तिथे येऊन बसते म्हणे. म्हटलं, आई, पैसे वाटेत आहेत. आई म्हणाली, कुठल्या वाटेत? बँकेच्या सर्व्हरच्या, म्हटलं. बरं, म्हणाली.

१७ ऑगस्ट
व्हिडिओ टाकला. नाव : 'पार्ट टू - मोठी फसवणूक'. सात मिनिटं. त्यासाठी वेगळा नेटपॅक मारावा लागला. स्पेअरचा मुद्दा नीट समजावलाय. शेवटी झाडूची तलवार करून खाटेवरून उडी.

दुपारी : एकतीस जणांनी पाहिला. अर्धे मीच.

दर पाच मिनिटांनी मोबाइल बघायचा नाही, असं ठरवलं. दर चार मिनिटांनी बघतोय.

१८ ऑगस्ट
दोनशे चौदा! खाली सगळे हसरे चेहरे. माझा विनोद लोकांना कळतोय, असं वाटलं.

मग धाकटीचा फोन. म्हणाली, दादा, तू छान बोलतोस रे. पण स्पेअर म्हणजे जीवदान देणं. तू त्या नावाड्याला माफ करून सोडून दिलंस. म्हटलं, मग फोरमन टायरला जीवदान देतो काय? एरवी ती हसली असती. म्हणाली, मी रोज बँकेत जाते, तिथल्या बाई आता मी विचारायच्या आधीच मान हलवतात. मग म्हणाली, नसतील तर आत्ताच सांग दादा, मी रडणार नाही.

नसायला काय झालं, म्हटलं.

व्हिडिओ काढणार नाही. एका शब्दाचे दोन अर्थ असू शकतात.

१९ ऑगस्ट
गेम परत करायला गेलो. दुकानदार म्हणाला, गेम सुरू करायचा कोड वापरलात, आता परत काय घेऊ, खेळलेले तास?

फोरमनकडे उचल मागितली. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि माझीच उडी मला दाखवली. म्हणाला, पाठ धरलेला माणूस उचल उचलणार कशी?

२० ऑगस्ट, सकाळी साडेनऊ
धाकटी स्वतः कारकुनापुढे जाऊन उभी राहिली. तो म्हणाला, दुपारी तीनपर्यंत निम्मे, म्हणजे साडेचार हजार भर, बाकीचे महिनाअखेर. ही पोरगी पुढे जाणार. मी आधीपासून म्हणत होतो.

गादीखालचे, पँटमधले, डब्यातले सगळे काढून मोजले. वेल्डर भिंतीकडे तोंड करून पडला होता. उठला, पाकीट माझ्यापुढे उलटं केलं आणि कामाला गेला. पुन्हा मोजले. खाटेखाली वाकून पाहिलं. परत मोजले.

धाकटीला कळवलं की पैसे निघाले. किती, तिने विचारलं. भर तर, म्हटलं, कारकूनही माणूसच आहे.

पाठवले : चार हजार तीनशे साठ.