सगळ्यांचे श्वास वीस

सिस्टर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज संध्याकाळपासून मी मनात तुमच्याशीच बोलतेय. घोडबंदर रोडच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते आता. माझ्यासारख्या वेंधळीला मुली 'मॅडम' म्हणतात. हसा, हसून घ्या.

कल्याणच्या बायकांच्या वॉर्डातली ती सकाळ. मी दुसऱ्या वर्षाला होते. ताप मोजला, नाडी मोजली, आणि श्वास न मोजताच बाराही जणींच्या तक्त्यावर वीस लिहून मोकळी झाले. सगळ्याच मुली लिहायच्या. वीस म्हणजे ठीकठाक, कुणी विचारत नाही. तुम्ही तक्ते चाळता आणि मला खडवलीहून आलेल्या एका पेशंट आजींजवळ स्टुलावर बसवता. कानाशी येऊन हळूच सांगता, "मनगट धर, नाडी बघतेयस असं वाटू दे. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. आणि पूर्ण मिनिट मोज. अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही." चौतीस भरले. तुम्ही लगेच डॉक्टरांना बोलावलंत, ऑक्सिजन लावलात. आजी वाचल्या. मग मला चहा पाजलात. मी रडत म्हटलं, उद्यापासून येत नाही. तुम्ही म्हणालात, "अगं, मीही लिहिलेत असे वीस. मला कुणी पकडलं नाही, एवढंच. उद्या सातला ये." सिस्टर, फार जीव होता माझा तुमच्यावर, तो त्या चहापासून.

आज दिव्याहून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने तेच केलं. नऊ पेशंट, नऊ वेळा वीस. मीही तिला स्टुलावर बसवलं, एकेकीचे श्वास पूर्ण मिनिट मोजायला लावले. सुदैवाने सगळ्या बऱ्या होत्या. इथपर्यंत तुमची विद्यार्थिनी शोभले. नंतर ती जिन्यात बसून म्हणाली, "मॅडम, माझ्याकडून नाही होणार हे. मी सोडते. तुम्ही कधी असं केलेलं का?"

मी म्हटलं, "छे! कधीच नाही."

तिने ॲप्रन घडी करून पिशवीत टाकला आणि गेली. तिचा नंबर आहे माझ्याकडे. तासभर फोन घेऊन बसलेय, आणि तिला लावायचा सोडून तुम्हाला लिहितेय. तुमच्याजवळ कबूल करणं सोपं आहे, सिस्टर. तुम्हाला ते आधीच ठाऊक आहे.