आन्सेल्मो सरांनी चहा पुरे केला

मोन्तेविदेओ

बाबा, तुमच्या गालावर पापा.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुमचा खोकला कसा आहे? आई फोनवर नीट सांगत नाही.

मोठा विचार करणारी माणसं उरलीत का, असं विचारलं होतंत ना? तुमच्या आन्सेल्मो सरांनाच जाऊन विचारलं. मी भोपळ्याच्या तुंब्यात कडू चहा भरून दिला. ते घोट घोट घेत विचार करत बसले. त्यांची नात वैतागली, "आजोबा, बोला की! मोबाइल लगेच सांगतो." सरांनी चहा संपवला, तुंबा परत दिला आणि म्हणाले, "आभार."

तुंबा देताना आभार म्हटलं म्हणजे आता पुरे; मग पुन्हा कसा भरून द्यायचा? मी गरम पाण्याचा थर्मास बंद केला.

बसमध्ये रडू आलं. बोलण्याआधी विचार करणारा एवढा एकच माणूस इथे भेटला, आणि त्यालाही आता पुरे झालंय.

बाबा, आईने तुंबा दिला की घेत राहा. मी येईपर्यंत आभार म्हणू नका.

तुमचीच,
निदिया