आईचा वास

३ मार्च, मंगळवार

सामान आलं. कपाटाचं एक दार निखळलं, तेवढंच नुकसान. माझं कामाचं शीतगृह आता चालत सात मिनिटं! कालपर्यंत दोन बस बदलून पावणेदोन तास जायला, तेवढेच यायला.

भिंगरीनं आल्या आल्या खिडकीजवळची खोली बळकावली. अकरा वर्षांची झाली तरी घरात सगळे तिला भिंगरीच म्हणतात, एका जागी बसेल तर शपथ. जुन्या घरी मी दारात पाऊल टाकलं की नाक वर करून ओरडायची, "आई आली!" यंत्रांतल्या अमोनियाचा वास माझ्या कपड्यांना येतो म्हणे. मला नाही येत. पंधरा वर्षं त्यात काढल्यावर नाक त्या वासापुरतं मेलंय.

६ मार्च, शुक्रवार

दुपारी जेवायला घरी आले. नवरा दारातच, "मॅडम, वेळ घेऊन आलात का?" तिघं एकत्र जेवलो, कामाच्या दिवशी! भिंगरी शाळेतलं एक लांबलचक भांडण सांगत होती आणि मी ते शेवटपर्यंत ऐकलं.

हात धुताना गॅलरीतून शीतगृहाच्या छपरावरची वाऱ्याची पिशवी दिसली. वारा जिकडे जातो तिकडे तिचं शेपूट वळतं. आज ते शेपूट आमच्याकडे होतं. हात धुऊन झाले तरी उगाच तिथेच उभी राहिले.

उगाच? नाही. आधी लिहून टाकते.

७ मार्च, शनिवार

काल लिहिणार म्हणाले आणि वही मिटली. आज लिहायचंच.

सुरक्षेची वही माझ्याकडे आहे. दर सोमवारी मी लिहिते, 'गळतीचा भोंगा, उत्तर बाजू : तपासला, चालू.' आणि सही करते. तो भोंगा दोन वर्षं बंद आहे.

तेव्हा एका आठवड्यात चारदा बोंबलला. दर वेळी सगळे बाहेर, काम ठप्प. अमोनिया लागला की निळे होणारे लिटमसचे कागद संपले होते म्हणून मी आणि यंत्रांच्या मिस्त्रीनं नुसता वास घेऊन पाहिलं. काही नाही. साहेब म्हणाले, "लांडगा आला रे आला! काढा त्याची तार. नवा मागवू." नवा आला नाही. पहिल्या सोमवारी मी सही करताना अडखळले होते. दुसऱ्या सोमवारी कमी. मग नाहीच.

उत्तर बाजूला ही गल्ली आहे. तेव्हा मी इथे राहत नव्हते.

१२ मार्च, गुरुवार

खालच्या मजल्यावर शिंपीणबाई राहतात. भिंगरीचा गणवेश आखूड झालाय, म्हणून गेले. मापं घेता घेता चारदा खोकल्या.

"औषध घेता ना?" मी विचारलं.

"घेते की. डॉक्टर म्हणतात, कापडाची धूळ. आता बघा, वीस वर्षं शिवतेय, धुळीला दोन वर्षांपूर्वीच जाग आली!" स्वतःच हसल्या. मग म्हणाल्या, "तुम्हालाही पहिले पंधरा दिवस घसा धरेल. इथल्या हवेचं तसंच आहे. मग सवय होते."

हसले मी. वर आले आणि जिन्यातच बसले. दोन वर्षं!

पण खोकल्याला हजार कारणं असतात. मी डॉक्टर नाही. आणि दोन वर्षं गळती असती तर कुणाच्या तरी लक्षात आली नसती का? कुणाच्या? आमच्यात धड नाक कुणाचं आहे?

१५ मार्च, रविवार

सकाळी भिंगरी अंथरुणात लोळत होती. डोळे लाल. मी पांघरूण ओढलं तर म्हणाली, "आई, हे घर मस्त आहे. तू कामावर गेलीस तरी तुझा वास येतो."

नवरा खो खो हसला. "बघ, लेकीला केवढी माया!"

मी खिडकी लावून घेतली.

१९ मार्च, गुरुवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं भिंगरीच्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "परत जाऊ या. घर काय, मिळेल."

"आणि खालच्या बाई?"

"त्यांना तू आणलंस का इथे?"

नाही आणलं. पण राहू तर दिलं.

२३ मार्च, सोमवार

आज सुरक्षेची वही उघडली. ठरवून गेले होते. साहेब बाजूलाच उभे होते, फोनवर कुणाशी तरी हसत होते. खरं लिहिलं तर आधी नोकरी जाणार माझीच, सह्या माझ्या आहेत. नोकरी गेली की हे घर, दुपारचं जेवण, सगळंच गेलं.

'तपासला, चालू.' सही केली.

मी आज पुन्हा सही केली!

२४ मार्च, मंगळवार

काल शीतगृहाच्या प्रयोगशाळेतून तांबड्या लिटमसच्या चार पट्ट्या आणल्या होत्या. उजाडताच एक ओली करून भिंगरीच्या खिडकीच्या गजाला अडकवली. चहा होईपर्यंत कडा निळ्या झाल्या.

भिंगरीला मावशीकडे धाडलं. "शाळा आहे ना!" म्हणून रडली. शिंपीणबाईंना कुठे धाडू?

२५ मार्च, बुधवार

वहीत खरं लिहिलं, दोन वर्षांचं. मिस्त्री म्हणाला, "बाई, मला निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, मला यात ओढू नका." शिडी मात्र त्यानंच धरली.

तार जोडली. अकरापर्यंत मोजलं, आणि भोंगा वाजला. मिस्त्रीनं नाक वर केलं. "वास तर नाही." ओली पट्टी वरच्या झडपेपाशी धरली. बघता बघता निळीशार.

सगळे फाटकाबाहेर. शिंपीणबाई गळ्यात टेप तशीच ठेवून रस्त्यावर आल्या होत्या. "अगंबाई, हा अजून आहे होय? मागे आठवडाभर नुसता बोंबलत होता. मग गप्प झाला. म्हटलं, चला, दुरुस्त केलं एकदाचं!"

"दुरुस्त नव्हतं केलं. त्याची तार काढली होती. चालू आहे म्हणून सही मी करत होते."

त्या हसल्या. मग खोकला आला. खोकला थांबल्यावर हसल्या नाहीत, माझ्याकडे बघत राहिल्या.