घरी तुमचं ऐकतात का?

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (फोनवरही केला असता, पण तू हल्ली फोन उचलून नुसतं "हं" म्हणतेस आणि त्या "हं"पुढे माझी बोलती बंद होते.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे छापखान्यातलं मशीन चालू आहे आणि तुझी भाची तुझ्याकडे आहे. आज आठ दिवस झाले. ती परत कधी येणार, हे मी या पत्रात विचारणार नाही. फक्त काय घडलं ते सांगतो, कारण तिने तुला सांगितलं असेल ते तिच्या बाजूने. ("बाजू" हा शब्द लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.)

आमच्या वसाहतीच्या युवा संवर्धन समितीचा मी अध्यक्ष आहे, हे तुला मी प्रत्येक पत्रात कळवलेलं आहेच. समितीत आम्ही चौघं. मी, औषधांच्या दुकानवाले, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि थोडक्यातकाका. (त्यांचं खरं नाव त्यांच्या घरच्यांनाही आता आठवत नसावं. "मी थोडक्यात सांगतो" म्हणून उभे राहतात आणि खाली बसेपर्यंत एका भिंतीवरचं ऊन दुसऱ्या भिंतीवर गेलेलं असतं.) तरुण पिढीला घडवायचं कसं, यावर आम्ही सहा महिन्यांत अकरा बैठका घेतल्या. तरुण पिढी एकाही बैठकीला नव्हती. एकदा औषधवाल्यांचा मुलगा वडिलांना दुकानाची किल्ली द्यायला आला होता, पण मोठी माणसं बोलतायत म्हणून आम्ही त्याला दारातूनच पिटाळलं.

बाराव्या बैठकीत ठरलं की पालकांकडून फॉर्म भरून घ्यायचे. प्रश्न मी काढले, छापलेही मीच. पहिला प्रश्न होता, "घरी मुलं तुमचं ऐकतात का?" आता ठळक टाइपात ही ओळ काही बसेना. शेवटचा "का?" खालच्या ओळीत एकटाच लोंबायला लागला आणि मला एकटं लोंबणारं अक्षर अजिबात बघवत नाही. (घरातलं माणूस एकटं पडलं तर चालतं. ते मला महिनोन्महिने दिसत नाही.) तेव्हा मी त्या ओळीतून "मुलं" काढून टाकली. ओळ झकास बसली. कोणी कोणाचं ऐकायचं हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागतं का? ऐकणं हे मुलांचं काम आणि ऐकवणं आपलं, असंच आपण आजवर धरून चाललो.

मुख्याध्यापिकांनी गठ्ठे वर्गावर्गांत पाठवले. फॉर्म घरी न्या, असं सांगायचं मात्र शिक्षिकांच्या डोक्यातून गेलं. मुलांनी वाचलं, "घरी तुमचं ऐकतात का?" आपल्याला कोणीतरी एवढं विचारतंय याचंच त्यांना अप्रूप वाटलं असावं. त्यांनी जागच्या जागी फॉर्म भरले आणि परत दिले.

ताई, आम्हा चौघांना यातलं काहीही माहीत नव्हतं. गठ्ठे पालकांसमोर, भर सभागृहात उघडायचे ही कल्पनाही माझीच. थोडक्यातकाका वाचू लागले. पहिलं उत्तर "नाही". दुसरं "नाही". तिसरं "नाही, कधीच नाही". समोर बसलेले पालक माना डोलावत होते, शेजारच्याकडे बघून सुस्कारे टाकत होते. दहाव्या "नाही"ला मला राहवेना. मी माईक घेतला आणि आजकालच्या मुलांवर पाऊण तास बोललो. शेवटी म्हणालो, "दुसऱ्यांचं कशाला, आमचीच कन्या घ्या. या कानाने ऐकते आणि त्या कानाने सोडून देते." खूप हसले लोक. टाळ्याही पडल्या. ती तिसऱ्या रांगेत बसली होती.

मग काकांनी पुढचा फॉर्म उचलला. "नाही. मला चार महिन्यांपासून डाव्या कानाने कमी ऐकू येतं. घरी तीनदा सांगितलं. उत्तर मिळालं, मन लावून ऐकत जा."

फॉर्मवर नाव नव्हतं. पण "मन लावून" हे दोन शब्द माझ्या प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर छापलेले असतात, त्यामुळे अख्खं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. काका आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात आटोपून खाली बसले. ती उठली आणि चालत बाहेर गेली. मी तिच्या मागे गेलो नाही. मी त्या वेळी समितीला पटवत होतो की फॉर्म चुकीच्या हातात पडलेले आहेत, सबब सर्व उत्तरं बाद धरावीत. ठराव एकमताने मंजूर झाला. मी घरी पोचलो तोवर तिची पिशवी भरून झाली होती.

असो. चारचौघांत बापाची अशी शोभा करणं बरं नव्हे, एवढं तिला तुझ्या पद्धतीने समजावून सांग. आम्ही तिच्या भल्यासाठीच राबतो. माझं काही चुकलं असेल तर मोठ्यांच्या हातून अशा चुका होतच असतात, आणि त्यासाठी मोठ्यांनी माफी मागायची आपल्या घरात रीत नाही.

कळावे, लोभ असू द्यावा (निदान तुझा तरी),
तुझा धाकटा

ता. क. : ते बाजूचं राहिलं. मुलांवर आपली नजर हवी, असं माझ्याच पत्रकात छापलंय, म्हणून मागल्या वर्षी मी तिचं अभ्यासाचं टेबल छापखान्यात आणून ठेवलं. काल मी त्या खुर्चीवर बसून पाहिलं. मशीन डाव्या हाताला येतं. वर्षभर, रोज चार तास. हे मी अजून कोणाला बोललेलो नाही. मला भीती वाटते, ताई.

ता. क. २ : वर समज द्यायला सांगितलं आहे, ते देऊ नकोस. तू तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं असशीलच, ते काय म्हणाले ते कळव, जे असेल ते कळव. आणि मी तिकडे आलो तर चालेल का, एवढं तिला विचार. तिच्या उजव्या बाजूला बसून विचार.

ता. क. ३ : हे पत्र परत वाचलं. एवढ्या मोठ्या पत्रात तिची वाक्यं चार, आणि तीही काकांनी वाचली म्हणून मला कळली. सोबत एक नवा फॉर्म पाठवतोय, एकच प्रत छापली आहे. प्रश्न तोच आहे, "मुलं" गाळूनच. खाली सबंध पान मोकळं सोडलंय. सवयीने तळाशी "उत्तर थोडक्यात लिहा" असं छापून गेलं होतं. ते मी पेनने खोडलंय, पण अजून वाचता येतं. तिला म्हणावं, तेवढं माझं ऐकू नकोस.